हरळी आणि निशिगंध

घरापुढच्या जागेत हिरवळ करावी की निशिगंधाचे कंद लावावेत, हा प्रश्न नुसता बागेचा म्हणून पाहिला तर पाच मिनिटांत सुटतो. पाणी किती आहे, माळी आहे की नाही, ऊन किती वेळ पडते, एवढे विचारले की उत्तर हाती येते. पण आपल्याकडे कोणताही प्रश्न फार वेळ साधा राहत नाही. आमच्या शाळेपुढच्या दोन गुंठे जागेविषयी एकदा चर्चा निघाली, ती चहा येण्यापूर्वीच स्वदेशी-परदेशीवर जाऊन पोहोचली. लॉन म्हणजे साहेबाचे खूळ, ते शाळेपुढे कशाला? त्यापेक्षा निशिगंध लावा. आपले फूल आहे, देवाला चालते, हाराला चालते, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सांगितले आणि सर्वांनी माना डोलावल्या. इतिहास शिकविणाऱ्या माणसाला अशा वेळी गप्प बसणे जड जाते. कारण जुनी टिपणे पाहू गेले तर प्रकरण नेमके उलटे आहे. लॉनचे गवत इथे वेदकाळापासूनचे आहे आणि निशिगंध मेक्सिकोचा आहे. असे असूनही ते गृहस्थ सर्वस्वी चुकत होते, असे मला म्हणवत नाही. ते का म्हणवत नाही, तेच येथे सांगायचे आहे.

आधी हरळीचे पाहू. एकाच गवताला आपण देव्हाऱ्यात दूर्वा म्हणतो आणि शेतात हरळी म्हणतो. उत्तरेकडे तीच दूब. संस्कृतात माझी गती शाळेपुरतीच, पण भाषांतरे वाचून एवढे कळते की ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हे गवत आलेले आहे, आणि तेही फार हृद्य ठिकाणी. प्रेतदहनानंतर तापलेली जमीन पाण्याने शांत करून तिथे दूर्वा उगवो, अशी तिथे प्रार्थना आहे. आग विझल्यावर पहिले काय उगवते, हे त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. यजुर्वेदात दूर्वेला उद्देशून म्हटले आहे की तू जशी पेऱ्यापेऱ्यातून फुटतेस तसा आमचा वंश शेकड्यांनी, हजारांनी वाढो. पुढे गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी आली, अनलासुराची कथा आली, श्रावणभाद्रपदातली व्रते आली.

याच पेऱ्यापेऱ्यातून फुटण्याचा शेतकऱ्याला किती ताप होतो, ते त्याच्या तोंडून ऐकावे. काळ्या रानात एकदा हरळी माजली की नांगराने ती मरत नाही. उलट नांगराने तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नवे बेट धरतो. म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करून तिच्या काशा वेचायच्या, बांधावर टाकून उन्हात वाळवायच्या आणि मग जाळायच्या, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. ज्या घरात सकाळी दूर्वा निवडल्या जातात त्याच घरातली माणसे दुपारी काशा वेचायला जातात आणि यात कुणाला विसंगती वाटत नाही. हे मला आपल्या खेडवळ शहाणपणाचे लक्षण वाटते. देवाच्या वस्तूवर प्रेम करावे, पण तिला पिकात शिरू देऊ नये.

युरोपीय विद्वानांत या गवताकडे खऱ्या प्रेमाने पाहणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश आणि १७८४ साली स्थापन झालेल्या एशियाटिक सोसायटीचा संस्थापक सर विल्यम जोन्स. त्याने भारतीय वनस्पतींवर जी टिपणे लिहिली त्यांत दूर्वेचे वर्णन आहे. दूर्वेला फुले येतात हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? जोन्सने ती भिंगाखाली धरून पाहिली आणि वाऱ्याच्या झुळकीने हलणारी माणके-पाचू दिसावीत तशी ती त्याला दिसली. गुरांना यापेक्षा गोड आणि पौष्टिक चारा नाही, हेही त्याने नोंदवून ठेवले. न्यायाधीशाने गुरांच्या चाऱ्याची चौकशी करावी, यात मला त्याचा मोठेपणा दिसतो.

हा चाऱ्याचा मुद्दा वाचकाने ध्यानात ठेवावा. कारण लॉनची सारी कथा त्यावर उभी आहे. लॉन म्हणजे जे कुणी खायचे नाही असे गवत. इंग्लंडातल्या जमीनदारांची मोठाली उद्याने अठराव्या शतकात लॅन्सलॉट ब्राउनसारख्या कारागिरांनी नव्याने मांडली. तेव्हा लांबवर मेंढ्या चरताना दिसाव्यात, पण त्या घराजवळ मात्र येऊ नयेत, अशी मालकांची इच्छा असे. मध्ये कुंपण घातले तर देखावा बिघडतो. म्हणून एक खोल चर खणीत, तो घरातून दिसत नसे आणि मेंढीला ओलांडता येत नसे. चराच्या पलीकडचे गवत पोटाचे आणि अलीकडचे डोळ्यांचे. अलीकडचे गवत माणसे पहाटे दव असतानाच लांब दांड्याच्या विळ्यांनी कापीत. इतक्या माणसांना नुसते गवत छाटण्यासाठी पोसायचे आणि ते गवत कामाला आणायचे नाही, हीच त्या हिरवळीची ऐट होती. मग १८३० साली ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड या कापडाच्या गावी एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापण्याचे यंत्र काढले. लोकरी कापडावरची लव एकसारखी कातरण्याचे यंत्र गिरणीत असते, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली. जमीनदाराची ऐट त्यानंतर हळूहळू साध्या घरमालकाच्या आवाक्यात आली.

इंग्रज हिंदुस्थानात आला तेव्हा त्याने आपली हिरवळ आणण्याचा हट्ट केला. विलायती गवते इथल्या वैशाखात टिकेनात, तेव्हा त्याला आपली हरळीच हाताशी धरावी लागली. ती लावण्याची एक रीत तर अगदी आपल्या अंगणातली वाटते. हरळीचे बारीक तुकडे करायचे, ताजे शेण, माती आणि पाणी यांत कालवायचे आणि भिजविलेल्या जमिनीवर तो राडा सारवल्यासारखा पसरायचा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसू लागतात. ही रीत आजही बागकामाच्या पुस्तकांत दिलेली असते. म्हणजे साहेबाच्या बंगल्यापुढचे लॉन हे आपल्याच गवताने आणि आपल्याच शेणाने तयार झालेले होते. त्यावर एक पाटी तेवढी नवी लागली: गवतावर चालू नये.

या पाटीमागे किती गोष्टी दडलेल्या असतात! मुंबईची एक हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. किल्ल्याबाहेरच्या मोठ्या मैदानावर पारशी आणि हिंदू मुले गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात क्रिकेट खेळत. गोऱ्या साहेबांच्या जिमखान्याला, जो १८७५ साली निघाला, स्वतःची राखलेली जागा होती. तिथे एतद्देशीयांना मज्जाव होता. तरीही साहेबांना पोलो खेळायला उरलेले मैदान हवे असे. घोड्यांच्या टापांनी तिथली हिरवळ उखडे, खड्डे पडत आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा चेंडू कुठून कुठे उसळेल याचा नेम राहत नसे. १८८१ साली शेकडो खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. हे भांडण वर्षानुवर्षे चालले आणि शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने त्याचा सगळा वृत्तान्त १८९७ साली पुस्तकरूपाने छापून ठेवला. आपल्या लोकांनी गवताच्या चार बोटांसाठी सरकारशी कागदोपत्री झुंज घेतल्याची ही नोंद मला फार मोलाची वाटते. याच शहरात त्याआधी सर जमशेटजी जीजीभाई यांनी गरिबांच्या गुरांना पैसे न भरता चरता यावे म्हणून जमीन विकत घेतली होती आणि चर्नी रोड हे नाव त्या चरणीवरून पडले, असे सांगतात. एका बाजूला चरणारी गाय, दुसऱ्या बाजूला पोलोचा घोडा आणि मध्ये बॅट घेतलेली पोरे; मुंबईचा एकोणिसावा शतक शिकविताना मी मुलांना हे चित्र फळ्यावर काढून दाखवितो.

ताजमहालाचेही तेच झाले. मोगलांच्या चारबागेत झाडी असे, फळे असत, फुलांचे ताटवे असत. सावलीतून चालत जाता जाता इमारत दृष्टीस पडावी अशी ती योजना. १८९९ ते १९०५ या काळात लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होता. जुन्या इमारतींची त्याने मनापासून डागडुजी केली, हे त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे. पण ताजपुढची बाग सावरताना त्याने ती पुष्कळशी विलायती वळणाची केली. झाडी विरळ झाली, मोकळी हिरवळ आली. आज आपण जे चित्र मोगली म्हणून कॅलेंडरवर पाहतो त्यातली हिरवी पट्टी बरीचशी कर्झनची आहे.

हरळीचा प्रवास इथेच थांबत नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला ती अमेरिकेतल्या जॉर्जिया प्रांतात पोहोचली होती. तिथे तिचे नाव पडले बर्म्युडा ग्रास. अटलांटिक महासागरातल्या ज्या बेटाची ती मुळीच नव्हे त्या बेटाचे नाव. तिथल्या कपाशीच्या शेतकऱ्यांनीही तिला आपल्या शेतकऱ्यासारख्याच शिव्या दिल्या. पुढे जॉर्जियातल्या टिफ्टन येथील संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने तिच्यावर आयुष्य घातले. गुरांसाठी त्याने काढलेली जात १९४३ साली बाहेर आली. १९६० साली ‘टिफवे’ ही हिरवळीची जात आली. ही टिफवे म्हणजे आपली हरळी आणि आफ्रिकेतली तिची एक बारीक पानांची चुलत बहीण यांचा संकर. तिच्या पेशीत रंगसूत्रे सत्तावीस, तीन पाळ्यांची, त्यामुळे बी धरत नाही. ती लावायची तर तुकडे करूनच लावावी लागते. पेऱ्यापेऱ्यातून वाढ, असे वेदांत म्हटले, त्यावाचून या अमेरिकन सुनेला दुसरा मार्गच उरलेला नाही.

आता निशिगंध. नाव किती गोड संस्कृत! पण कालिदासाने हे फूल पाहिलेले असणे शक्य नाही. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी अ‍ॅझ्टेकांची राजधानी घेतली, तेव्हा मेक्सिकोच्या लोकांनी हे फूल कित्येक पिढ्या जोपासलेले होते. त्यांच्या नाहुआत्ल भाषेत याला ओमिशोचित्ल म्हणत. ओमि म्हणजे हाड, शोचित्ल म्हणजे फूल. हाडासारखे पांढरे, मेणचट, म्हणून हाडफूल. बर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन साधूने सोळाव्या शतकात तिथल्या लोकांकडून माहिती घेऊन त्यांच्याच भाषेत जो बारा भागांचा ग्रंथ सिद्ध केला, त्यात या फुलाची नोंद आहे. माणसाच्या हाताखाली ते इतका काळ राहिले आहे की रानात ते आपले आपण वाढलेले सापडत नाही. ज्या लोकांनी ते जपले त्यांचे राज्य गेले, देवळे पाडली गेली. कंद मात्र जहाजावर चढला.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाती पडला आणि त्यांनी त्याला ‘इंडिकस’, म्हणजे हिंदी, म्हणून टाकले. कोलंबसाने केलेली चूक एका फुलाच्या गळ्यात अशी कायमची येऊन पडली. कंद गाठाळ म्हणून लॅटिनमध्ये ‘ट्युबरोसा’ म्हटले, तर इंग्रजांनी त्याचे ‘ट्यूबरोझ’ करून त्यात गुलाब आणून बसविला. गुलाबाचा याच्याशी सुतराम संबंध नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्सायजवळच्या त्रियानों महालापुढे हे फूल इतके लावविले होते की त्याच्या वासाने दरबारी मंडळी बागेतून उठून गेल्याचे सँ-सिमों या सरदाराने आठवणींत लिहिले आहे. तिथली झाडे कुंड्यांत लावून कुंड्या जमिनीत पुरीत, म्हणजे राजाला हवे तेव्हा रातोरात ताटवे बदलता येत. फूल तोडल्यावरही त्याचा गंध पुष्कळ वेळ निर्माण होत राहतो, हे ग्रास गावच्या अत्तरवाल्यांनी ओळखले होते. काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर फुले पसरीत आणि चरबी गंध ओढून घेई.

अमेरिकेतल्या वनस्पती आशियात आल्या त्या मुख्यतः दोन वाटांनी. एक पोर्तुगिजांची गोव्याची, दुसरी स्पेनची अकापुल्कोहून मनिलेला जाणारी. तिथली गलबते १५६५ पासून १८१५ पर्यंत जात-येत होती. मिरची आली, पेरू आला, सीताफळ आले, आणि हा अंक हाती घेतलेल्या वाचकाच्या दारावर दिवाळीचे तोरण असेल तो झेंडूही मेक्सिकोचाच. निशिगंध या सगळ्या पाहुण्यांतला एक. आल्याबरोबर ज्याने त्याने त्याला आपल्या भाषेतले नाव दिले. इराणात तो मरियमचे फूल झाला, उर्दूत गुलशब्बो, बंगालीत रजनीगंधा, मराठीत निशिगंध. आणि पुणे-सोलापूरकडच्या फुलबाजारात तो आहे गुलछडी. बाजारभावाच्या सदरात निशिगंध शोधणाऱ्याने गुलछडी शोधावी.

गंमत पाहा, १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने जगातल्या वनस्पतींची जी प्रसिद्ध यादी छापली तीत ही दोन्ही नावे आहेत. हरळीच्या नावात ‘डॅक्टिलॉन’ म्हणजे बोट हा शब्द आला, कारण तिचा तुरा पसरलेल्या बोटांसारखा. निशिगंधाला पोलियान्थेस म्हटले गेले आणि पावणेतीनशे वर्षे तेच चालले. पण अलीकडे, २०१७ साली, शास्त्रज्ञांनी त्याला त्या घरातून काढून अगेव्ह कुळात घातले. अगेव्ह म्हणजे कोण? आपल्या बांधावरची घायपात! जिच्या पानांचे दोर वळतात आणि जिचा काटा पायात गेला की आठ दिवस ठसठसतो. वधूवरांच्या हारातले ते नाजूक फूल आणि बांधावरची ती काटेरी बाई सख्ख्या नात्यातल्या निघाल्या. कादंबरी लिहिणाऱ्याला अशी नाती स्वतः रचण्याचे धैर्य होत नाही.

मग त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचे म्हणणे मला चूक का वाटत नाही? कादंबरी लिहिताना गावात बाहेरून आलेला माणूस गावचा केव्हा झाला, हे ठरविण्याची वेळ येते. मी त्याचा जन्मदाखला पाहत नाही. गावातले एखादे कार्य त्याच्यावाचून अडते का, ते पाहतो. निशिगंधावाचून आपल्याकडे लग्नाचा हार अडतो, सत्यनारायण अडतो, तिरडीवरचा हारही अडतो. एकेरी निशिगंधाची सुटी फुले किलोवर विकली जातात, दुहेरीचे दांडे गड्डीने जातात, आणि त्यावर कित्येक अल्पभूधारकांचे घर चालते. बंगळूरच्या संशोधन संस्थेने ‘प्रज्वल’ जात दिली, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले रजनी’ दिली. आता याला परका म्हणायला तोंड कुणाचे आहे? उलट हरळीला पाटी लावून, यंत्राने छाटून, गाईला हाकलून आपणच आपल्या दारात परके करून ठेवले. घरंदाज वस्तू दुसऱ्याच्या ऐटीसाठी वापरली की ती अशी होते.

बागेपुरते विचाराल तर माझे मत निशिगंधाच्या बाजूने आहे, आणि त्याला हिशेबाची कारणे आहेत. दख्खनच्या पठारावर हिरवळ हिरवी ठेवायची तर उन्हाळाभर पाणी पाजावे लागते. निसर्गतः हरळी उन्हाळ्यात वाळून जाते, मुळांत जीव धरून बसते आणि मृगाच्या पहिल्या पावसाला वर येते. तिला बाराही महिने टवटवीत दिसायला लावणे हा पाण्याचा आणि तिचाही छळ आहे. ज्या तालुक्यांत एप्रिलपासून टँकर लागतात तिथे शाळेपुढे लॉन पाहिले की मला अवघडल्यासारखे होते. निशिगंधालाही पाणी लागते, नाही असे नाही. पण त्याच्या पाण्याचे फूल होते आणि फुलाचे पैसे होतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. फूट-फूट अंतराने हजारभर कंद बसतात. उन्हाळ्याच्या अखेरीस दोन-अडीच इंच खोल लावावेत, निचरा चांगला असावा, नाहीतर कंद कुजतात. तीनएक महिन्यांत दांडे दिसू लागतात. एक कंद एकदाच फुलतो. मग केळीसारखी त्याच्या बाजूला पिले येतात आणि पुढचे काम ती करतात. तीन वर्षांनी वाफा उपटून कंद वेगळे करावेत आणि नव्या जागी लावावेत. मुलांना हे शिकविण्यासारखे आहे. हिरवळीपाशी उभे राहून मुलांना काय शिकवायचे? चालू नका, एवढेच.

मुलांना पळायला, पडायला मात्र गवत हवेच. त्यासाठी मागचे मैदान आहे. तिथे हरळी कुणी न लावता आलेली आहे, तिच्यावर कुणी पाटी लावू नये आणि शेजारच्या शेळ्या आल्या तर शिपायाने फार धावू नये, एवढी माझी विनंती आहे.

या दोघांची गाठ पडते ती वाफ्यात. निशिगंधाच्या वाफ्यात हरळी हमखास शिरते. कंदांच्या गर्दीत तिच्या काशा शिरल्या की खुरप्याने काढणे जिकिरीचे, कारण ओढता ओढता कंदच हातात येतो. म्हणून फुलशेतीत खुरपणीचा खर्च मोठा असतो आणि ते काम बहुतेक बायकांच्या वाट्याला येते. उपटलेली हरळी बांधावर फेकली जाते, पावसाळ्यात तिथेच पुन्हा मूळ धरते आणि भाद्रपदात तिला कोवळे तीन-तीन, पाच-पाच पानांचे शेंडे येतात. लॉनवर असे शेंडे मिळत नाहीत; यंत्र ते वाढूच देत नाही. त्यामुळे चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारात ज्या जुड्या येतात त्या बांधावरच्या, कालव्याच्या काठच्या असतात. पहाटे गुलछडीच्या पोत्यांशेजारी ओल्या फडक्यात त्या जुड्या बांधून बायका बसलेल्या असतात. एकवीस मोजून देताना त्यांची बोटे इतकी भरभर चालतात की गिऱ्हाईक पुन्हा मोजायला जात नाही. हार ओवणारा मग दोन्ही घेऊन जातो.